आयकपवरचं कातडं

सरांनी ते कव्हर दोन बोटांनी ओढून काढलं. अंगठा आणि तर्जनी. बाकीची तीन बोटं वर. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसं. टेबलावर ठेवायच्या आधी म्हणाले, "कुणीतरी पेपर द्या रे." एका मुलानं वर्तमानपत्र पसरलं. त्यावर सरांनी ते ठेवलं आणि बोटं जीन्सला पुसली.

"आजपासून हे नको. मुलांच्या डोळ्याला लागतं ते."

मग बॅगेतून प्लॅस्टिकची टोपी काढली. हॉटेलात आंघोळीच्या वेळी केसांवर घालायला ठेवतात ती. माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही चढवा. रोज नवी वापरू."

समोर चौदा मुलं बसली होती. कोरमंगलामधल्या एका कॅफेच्या वरचा हॉल. सकाळचे दहा वाजलेले. कॅमेरा माझा होता. ते कव्हर माझ्या बापानं शिवलेलं होतं. आणि मी ती टोपी चढवली. हे लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं लिहिणं सोपं आहे. मी एक शब्द बोलले नाही. टोपीचं इलॅस्टिक नीट बसलंय ना, तेही बोट फिरवून बघितलं.

दिवसभर मुलं त्या प्लॅस्टिकमधून बघत होती. प्लॅस्टिक चुरचुर वाजत होतं. त्यातून काही धड दिसत नव्हतं.

ज्यांना कॅमेऱ्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅमेऱ्याला मागून जिथं डोळा लावून बघायचं, तिथं रबराची वाटी असते. तिला आयकप म्हणतात. उन्हात ते रबर तापतं, घामानं चिकट होतं, डोळ्याभोवती रिंगण उठतं. म्हणून त्यावर मऊ कातड्याचं कव्हर चढवतात. कातडं घाम पितं. जगभरचे कॅमेरावाले चढवतात. त्यात नवल काही नाही.

मी कॅमेरे भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत आठ वर्षं अटेंडंट होते. कॅमेरा शूटिंगला जातो तेव्हा त्याच्यासोबत अटेंडंट जातो. पेट्या उचलायच्या, स्टँड लावायचा, लेन्स पुसायची, बॅटऱ्या चार्ज करायच्या, संध्याकाळी सगळं मोजून परत आणायचं. बाई अटेंडंट म्हणून आधी हसले सगळे. मग पेट्या उचलताना बघून हसायचे थांबले. पण आयकपला डोळा लावायचा नाही, हा नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला गेला. "तू लेन्स पूस. बघायचं काम त्यांचं." आठ वर्षं मी कॅमेरामनच्या पाठीमागे उभं राहून, त्याच्या हाताच्या हालचालीवरून शिकले. फोकसचं चक्र किती फिरवलं, किती थांबला, कुठं श्वास धरला. कंपनीनं जुना माल काढला तेव्हा त्यातला एक कॅमेरा मी घेतला. त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा पोटभर डोळा लावला. समोर भिंतीवरचं कॅलेंडर होतं. तेच अर्धा तास बघत बसले.

माझे अप्पा राजाजीनगरमध्ये बसस्टॉपशेजारी चपला शिवतात. सोलापूरकडचे. माझा जन्म व्हायच्या आधीपासून इथं कन्नड मुलखात आहेत. त्यांनी तो कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि आयकपवर बोट टेकवून म्हणाले, "हे रबर फाटलंय की गं. डोळा सोलंल."

दोन दिवसांनी कव्हर तयार. मेंढीचं कातडं. रापीनं इतकं पातळ सोललेलं की उजेडाला धरलं तर बोटं दिसत. शिवण आतल्या बाजूला नाही, बाहेर, म्हणजे डोळ्याला टोचायला नको. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चपलेत शिवण कुठं टोचते हे ज्याला ठाऊक, त्याला डोळ्याचंही कळतं.

सर पुण्याचे. जाहिराती करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी इथल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा वर्ग काढला, 'आपल्या मुलांसाठी, आपल्या भाषेत सिनेमा'. मुलं बहुतेक आयटीवाल्यांची, काही जुन्या सरकारी कंपन्यांतल्या इंजिनियरांची. तेरा ते सतरा वयाची. सरांना गोष्ट कशी सांगायची हे शिकवता येत होतं, कॅमेरा शिकवता येत नव्हता. शूटिंगवर त्यांनी आयुष्यभर मागं बसून "ॲक्शन" म्हटलेलं. एका शूटिंगवर माझी ओळख झालेली, मी मराठी निघाले, म्हणून मला बोलावलं. म्हणाले, "तुम्ही कॅमेरा शिकवा. आपण टीचर म्हणूनच इंट्रोड्यूस करू. सर्टिफिकेटवर माझ्या सहीखाली तुमची सही."

माझी सही. आठ वर्षं मी फक्त पेट्यांच्या पावत्यांवर सही केली होती. घरी जाऊन वहीच्या मागच्या पानावर ती घोटली. हसायला येतं आता. पण घोटली.

पहिला आठवडा चांगला गेला. मुलांनी मला मॅम म्हटलं. मी पहिल्यांदा आयकपशेजारचं बारीक चक्र शिकवलं. प्रत्येकाच्या डोळ्याचा नंबर वेगळा असतो, ते चक्र फिरवून आधी आपल्या डोळ्यापुरतं साफ करून घ्यायचं असतं. बहुतेक नवशिके ते विसरतात आणि लेन्सला दोष देतात. मी सांगितलं, "धूसर दिसलं तर आधी आपलं चक्र बघा. मग लेन्सला बोल लावा." मुलं हसली. रेवा म्हणून पंधरा वर्षांची एक मुलगी होती, तिनं वहीत लिहून घेतलं. रेवाचा हात चांगला होता. चालत येणाऱ्या माणसावर फोकस धरून ठेवणं मला जमायला दोन वर्षं लागली. तिला चार दिवसांत जमलं.

सरांनीही डोळा लावला होता. पहिल्याच दिवशी. डोळा लावून म्हणाले, "वा, काय सॉफ्ट आहे हे. इम्पोर्टेड का?" मी म्हणाले, "नाही सर. घरचं." त्यांना वाटलं मी ऑनलाइन मागवलं.

दुसऱ्या सोमवारी मी चूक केली. सगळे तिला चूकच म्हणतील, अप्पासुद्धा. कॅमेऱ्याचे भाग सांगत होते. ही लेन्स, हा आयरिस, हा आयकप. रेवानं विचारलं, "मॅम, हे कव्हर कुठं मिळतं? मला माझ्या कॅमेऱ्याला हवंय." मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी कव्हर काढून मुलांच्या हातात फिरवायला दिलं आणि अभिमानानं सांगितलं. म्हटलं, माझ्या वडिलांनी शिवलंय. ते राजाजीनगरला बसस्टॉपजवळ चपला शिवतात. कातडं कसं सोलतात, शिवण बाहेर का, सगळं सांगितलं. मुलं वास घेऊन बघत होती. एकानं गालाला लावलं.

मागच्या खुर्चीवर रेवाची आई बसली होती. ती रोज अर्धा तास लवकर येऊन बसायची. वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ आली. हसरी. म्हणाली, "छान शिकवता हं तुम्ही. तुमचं आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणाले नव्हते. तेव्हा सांगितलं.

"अच्छा. सोलापूरकडचे का?" हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं. सरही शेजारी उभे होते. त्यांनी पुन्हा विचारलं, "काय, काय म्हणालात?" मी पुन्हा सांगितलं.

मंगळवारी सुट्टी होती. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. 'वर्गातील साहित्याच्या स्वच्छतेबाबत काही पालकांनी काळजी व्यक्त केली आहे. हायजीन ही आपली प्रायॉरिटी आहे.' खाली नमस्काराचे हात. अंगठे. सोळा-सतरा अंगठे मी मोजले. ग्रुपवर मीही होते हे कुणाच्या लक्षात नव्हतं, किंवा होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची यांची रीत जुनीच आहे.

आणि मग बुधवारी दोन बोटं आणि वर्तमानपत्र.

वर्तमानपत्र मला नवीन नव्हतं. शाळेत असताना अप्पांनी शिवलेल्या चपला मी घरोघर पोचवायची. राजाजीनगरमध्ये एक मराठी घर होतं. पहिल्या दिवशी बाई मला बघून केवढ्या खूश झाल्या. "अगंबाई, मराठीच की तू!" आत बोलावलं, गाव विचारलं, मग आडनाव. पुढच्या वेळेपासून दारात पेपर पसरलेला असायचा. त्यावर चपला ठेवायच्या आणि उभं राहायचं. शिवायला देताना त्याच चपला त्यांनी पायातून काढून दिल्या होत्या. आमच्या घरून आल्या की त्या पेपरवर. एकदा बाईंनी सहज विचारलं, मोठी होऊन काय होणार? मी म्हटलं, फोटो काढणार. आतून त्यांचे यजमान हसत म्हणाले, "पायातली वहाण पायातच बरी."

ही म्हण ज्यानं केली त्याला वहाण शिवता येत नसणार. शिवता आली असती तर तिच्यावर म्हण करायला वेळ मिळाला नसता.

त्या बुधवारी संध्याकाळी मी कव्हर पेपरवरून उचललं. त्याला छपाईची काळी शाई लागली होती. घरी अप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. मला ते चिडायला हवे होते. ते कव्हर घेऊन ओल्या फडक्यानं शाई पुसत बसले. मग म्हणाले, "माझं नाव कशाला काढलीस गं तिथं? कुणी विचारलं होतं का? हात दाखवून अवलक्षण."

"अप्पा, तुम्ही शिवलंय म्हणून सांगितलं."

"शिवलंय तर शिवलंय. बिडु, सोडून दे. प्लॅस्टिक तर प्लॅस्टिक. स्वल्प दम धर, वर्ग संपू दे, सही होऊ दे कागदावर. मग काय ते बोल."

माझ्या बापाचा मला त्या रात्री सरांपेक्षा जास्त राग आला. सरांनी मला दोन बोटांनी धरलं होतं. अप्पा स्वतःलाच दोन बोटांनी धरत होते, चाळीस वर्षं. कुणी पेपर पसरायच्या आधी हे स्वतःच पसरून त्यावर बसत होते. त्यांच्या गप्प राहण्यावर मी शाळा शिकले, हे मला माहीत आहे. तरी राग आला. आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? टोपीचं इलॅस्टिक बोट फिरवून बघितलं होतं.

गुरुवारी सर एक पाकीट घेऊन आले. बंद. चकचकीत. मुलांसमोर माझ्याकडे दिलं आणि मोठ्या मनानं म्हणाले, "हे घ्या. प्लॅस्टिकमधून दिसत नाही म्हणत होती मुलं. ब्रँड न्यू आहे, परदेशी. हे लावा."

मी पाकीट फोडलं. आत आयकपचं कव्हर. गोल, मऊ, फिकट पिवळं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरं होती. मी ती वाचली. मग मोठ्यानं, मुलांना ऐकू जाईल अशी, मराठीत करून वाचली.

"मेंढीचं अस्सल कातडं. हातानं शिवलेलं."

मी म्हणाले, "सर, हेही कातडंच आहे. हेही कुणीतरी हातानंच शिवलंय."

"अहो, ते प्रोसेस्ड असतं."

"आमचंही असतं. फरक एवढाच, हे कुणी शिवलं ते तुम्हाला माहीत नाही."

सरांनी आवाज खाली आणला. "हे बघा, पर्सनली घेऊ नका. तुम्ही उगाच विषय जातीवर नेताय."

"जात मी काढली नाही. सोमवारी आडनाव आधी त्यांनी विचारलं, मग तुम्ही."

मागं रेवाची आई बसली होती, तिनं फोन काढून त्यात बघायला सुरुवात केली. सर मला खिडकीशी घेऊन गेले. सर वाईट माणूस नाहीत, असं त्यांचे सगळे मित्र सांगतील. ते खरंच समजुतीनं बोलले. म्हणाले, "मला असलं काही नसतं हो. पण पॅरेंट्सना कम्फर्टेबल वाटलं पाहिजे ना. तुम्ही असं करा, कॅमेरा इथंच राहू दे. मी मुलांकडून करून घेतो. तुम्ही मागं बसून लागेल ते द्या. अटेंडंटचं काम तुम्हाला नवीन नाही. आणि सर्टिफिकेटवर तुमची सही राहील, माझा शब्द."

म्हणजे कॅमेरा हवा. हात हवेत. सहीसुद्धा चालेल. फक्त मी मुलांच्या समोर उभी राहायची नाही.

मी टेबलाशी परत आले. पिशवीतून अप्पांचं कव्हर काढलं आणि आयकपवर चढवलं. म्हणाले, "सर, पहिल्या दिवशी तुम्ही यालाच डोळा लावला होतात. सॉफ्ट आहे म्हणालात. आता पुन्हा लावा. मुलांसमोर. एकदाच. मग मी मागं बसते, तुम्ही म्हणाल ते करते."

सर हसले. घड्याळ बघितलं. म्हणाले, "हा काय बालिशपणा!"

"एकदाच."

ते जागचे हलले नाहीत. त्यांचा हात सदऱ्याच्या बटणाशी गेला आणि तिथंच राहिला. दहा पावलांवर कॅमेरा होता. मी तोवर कुठंतरी आशा धरून होते, की माणूस ओशाळेल आणि पुढं येईल. ओशाळणं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पुढं आले नाहीत.

रेवा उठली. दोन पावलं चालून आली. मी बघितलं, तिचे डोळे भरलेले होते.

"रेवा, बस खाली."

आईचा आवाज चढलासुद्धा नाही. रेवा थांबली. माझ्याकडे बघितलं. आणि जाऊन बसली.

मी रेवाला दोष देत नाही. पंधरा वर्षांची होती. पण ती बसली, हे मी विसरणारही नाही. मी तेहतीस वर्षांची असून आदल्या दिवशी गप्प होते, हेही विसरणार नाही.

मग मी सामान बांधलं. अटेंडंट बांधतो तसं, क्रमानं. लेन्सला झाकण. बॅटरी काढून वेगळी. केबलची गुंडाळी. स्टँडचे पाय पुसून. घाई केली नाही. परदेशी कव्हर त्याच्या पाकिटात घालून टेबलावर ठेवलं. खाली पेपर पसरला नाही. सर म्हणाले, "मुलांचं नुकसान करताय तुम्ही." तेवढं मात्र लागलं. ते खरं होतं.

वर्ग थांबला नाही. दुसरा कॅमेरा भाड्यानं आला. माझ्याच जुन्या कंपनीतून आला, सोबत माझ्या ओळखीचा अटेंडंट. मुलांनी फिल्म केली. तिची लिंक ग्रुपवर आली, कारण मला ग्रुपमधून काढायचंही कुणाला सुचलं नव्हतं. पहिल्याच शॉटमध्ये एक म्हातारी लांबून चालत कॅमेऱ्याकडे येते आणि शेवटपर्यंत तिचा चेहरा साफ राहतो. तो हात रेवाचा. तो हात कुणी शिकवला ते शेवटच्या पाटीवर नव्हतं. तिथं हॉल देणाऱ्या कॅफेचं नाव होतं, सामोसे देणाऱ्याचं होतं. कॅमेरा मार्गदर्शन म्हणून सरांचं होतं. मी ग्रुप सोडला.

आता मी रविवारी बेळ्ळंदूरला शिकवते. उंच इमारतींच्या मागं पत्र्याची एक खोली आहे, तिथं. त्या इमारतींत झाडलोट करणाऱ्यांची, गाड्या धुणाऱ्यांची, गेटवर उभं राहणाऱ्यांची मुलं. कुणी रायचूरचं, कुणी नांदेडचं. मी मराठी, कन्नड, हिंदी अशा तिन्ही भाषांत बोलते, तिन्ही मोडक्या. हे ऐकून कुणाला बरं वाटेल, की चला, शेवट गोड झाला. झाला नाही.

पहिल्या रविवारी मी माझं आडनाव सांगितलं. अप्पांचं काम सांगितलं. कव्हर मुलांच्या हातात दिलं. आठ मुलं होती. सातांनी डोळा लावला. एक बारा वर्षांचा मुलगा वाकला आणि तसाच मागं झाला. पुढच्या रविवारी त्याचे वडील आले. तिथल्याच एका इमारतीत वॉचमन आहेत. त्या इमारतीत मालकांची लिफ्ट वेगळी, यांची वेगळी, सामानाची आणि कुत्र्यांची जी आहे ती. ते हात जोडून कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, बेजार माडकोबेडि." वाईट वाटून घेऊ नका. मग आवाज आणखी खाली आणून विचारलं, पोरासाठी त्यावर प्लॅस्टिक लावता येईल का?

मला सरांचा राग आला होता त्याहून मोठा राग आला. आणि राग आला तरी मी त्या माणसाला नीट बसवून सांगितलं, लिफ्टचंही सांगितलं. तो ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "सरी अक्का. बरोबर आहे. पण प्लॅस्टिक?"

"इल्ला," मी म्हणाले. नाही.

तो मुलाला घेऊन गेला. मुलगा वळून कॅमेऱ्याकडे बघत होता. मी हाक मारली नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी अप्पांची आरी घेतली. ते नको नको म्हणत होते. मी कव्हराच्या बाहेरच्या बाजूला आमचं आडनाव टोचलं आणि लाल दोऱ्यानं भरलं, ठसठशीत, लांबून वाचता येईल असं. अक्षरं वाकडी आली. अप्पांनी टाके बोटानं चाचपले, म्हणाले, "टाका सैल पडलाय," आणि दिवा जवळ ओढला.

कॅमेरा शिकायला येणाऱ्यानं आधी ते नाव वाचायचं. मग डोळा लावायचा. ज्याला लावायचा नाही त्यानं उठून जायचं, मग तो कोरमंगलाचा असो की बेळ्ळंदूरचा, ब्राह्मण असो की वॉचमनचं पोर. सात राहिलेत. उद्या दोन राहतील. एकही राहिला नाही तरी मी रविवारी स्टँड लावून त्या खोलीत उभी राहीन. माझ्या कॅमेऱ्यावर पुन्हा प्लॅस्टिक चढणार नाही.